फुकट राउटरच्या दात्यास अनावृत पत्र

जालना

राजमान्य राजश्री ब्रॉडबँडवाले शेठ यांच्या सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपण आमच्या घरावर केलेले उपकार आता एकट्याने सोसवत नाहीत. चारचौघांत त्यांची वाच्यता व्हावी, आपलं औदार्य जिल्हाभर कळावं, एवढ्याच सदिच्छेने हे पत्र उघडं ठेवतो आहे. ते वाचायला आपल्या ऑफिसात सवड मिळणार नाही याची कल्पना आहे. तिथे तक्रारीचा फोन उचलायला सवड नसते, मग पत्राची काय कथा!

आपलं नाव मात्र लिहीत नाही. एक तर थोरामोठ्यांचं नाव असं चव्हाट्यावर घेऊ नये. दुसरं म्हणजे आपण एकटे असता तर नाव घेण्यात अर्थ होता. मंठा चौफुलीपासून भोकरदन नाक्यापर्यंत आणि अंबडपासून परतूरपर्यंत जिथे जिथे विजेच्या खांबाला फायबरचं वेटोळं लटकलेलं दिसतं, तिथे तिथे आपलंच कोणतं ना कोणतं रूप नांदत असतं. हे पत्र त्या सगळ्या रूपांना पोचावं.

जोडणी घेतली त्या दिवशी आपण म्हणालात, “सर, वर्षाचे पैसे एकदम भरा, राउटर आपल्याकडून फुकट.” आजच्या महागाईत असं मन कुणाचं असतं? पुढे पावती हाती आली. तिच्यावर ‘डिपॉझिट’ म्हणून एक आकडा होता आणि त्याच्यासमोर बारीक अक्षरांत ‘परत मिळणार नाही’ असंही छापलेलं होतं. फुकटची वस्तू आणि तिच्यासाठी कधीच परत न मिळणारं डिपॉझिट, ही दोन्ही एकाच पावतीवर सुखाने नांदवायची तर हिशेबात सिद्धीच लागते. ती आपल्याला लाभली आहे. अभिनंदन स्वीकारावं.

आपलं दान हातात घेऊन नीट न्याहाळलं. काळा कुळकुळीत डबा, वर दोन अँटेना, मागे चार पिवळी सॉकेटं आणि शेजारी एक निळं. डबा उलटा केला की पोटावर स्टिकर. त्यावर ठळक अक्षरांत ‘300 एमबीपीएस वायरलेस एन’ आणि खाली, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील अशा टायपात, ‘10/100’. शेठ, आपल्या औदार्याचं माप त्या बारीक टायपात आहे.

वाचकांसाठी त्याचा उलगडा करतो, आपली परवानगी गृहीत धरून. आपली तार ज्या निळ्या सॉकेटात शिरते, त्यातून सेकंदाला फार तर 100 मेगाबिट जाऊ शकतात. त्यातली तांत्रिक घट वजा जाता हाती उरतात 94-95. आम्ही आपल्याला पैसे मोजतो ते मात्र 200 एमबीपीएसच्या प्लॅनचे. जायकवाडीहून जालन्यापर्यंत मोठी जलवाहिनी आणायची आणि घरात अर्ध्या इंचाची तोटी बसवायची, तसा हा प्रकार. नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे जालनेकराला निदान ठाऊक तरी असतं. आपल्याकडचं निम्मं पाणी कुठे मुरतं, ते कोणत्याच पावतीवर नसतं.

आपल्या फायबरबद्दल मात्र खरोखर आदर आहे. घरोघरी फायबर नेण्याच्या सध्याच्या जीपॉन पद्धतीत एका धाग्यावरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट उतरतात आणि ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. एवढी तालेवार वस्तू आपण खड्डे चुकवत, झाडांच्या फांद्यांतून वाट काढत, आमच्या उंबऱ्यापर्यंत आणता. आणि उंबऱ्यावर आल्यावर काही शे रुपयांच्या बचतीसाठी तिचा निम्मा जीव घेता. हा त्याग मोठाच म्हणायचा. फक्त तो आमच्या पैशाने होतो.

एकदा धीर करून आपल्या माणसाला विचारलं की, प्लॅन 200 चा असताना मोबाइलवर चाळीसच का दिसतात? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि स्टिकरवर बोट ठेवलं. “सर, हे बघा, तीनशेचा राउटर दिलाय तुम्हाला. प्लॅनपेक्षा जास्तच दिलंय शेठनी.” आपण प्लॅनपेक्षा जास्त देता हे ऐकून ऊर भरून आला.

त्या तीनशेचं गणित असं. लहरींचा 40 मेगाहर्ट्झ रुंद पट्टा मोकळा मिळाला, दोन्ही अँटेना एका तालात चालल्या, आसपास दुसरा कुणीच नसला, तर राउटर आणि मोबाइल यांच्यातली कागदोपत्री जोडणी 300 ची होते. दाट वस्तीत तेवढा रुंद पट्टा मोकळा मिळत नाही. मग राउटर 20 मेगाहर्ट्झवर उतरतो आणि कागदावरचा आकडाही 144 होतो. प्रत्यक्ष कामाला येतं ते त्याच्याही निम्म्याच्या आसपास, तेसुद्धा डब्याच्या समोर बसलात तर. शिवाय वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो आणि बाकीचे थांबतात. घरात चार मोबाइल, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप असला की उरलेल्याची वाटणी सुरू होते. एवढं सगळं खोक्यावर छापायला जागा नसते, म्हणून आपण फक्त ठळक अक्षरं वाचून दाखवता. सुटसुटीतपणा हा आपला गुण वाखाणण्याजोगा आहे.

आपण आम्हाला शेजारधर्मही शिकवलात. संध्याकाळी मोबाइलवर वायफायची यादी उघडली की सगळी गल्ली हजर. प्रत्येक घराच्या नावाआधी आपल्याच कंपनीचं नाव, कारण प्रत्येक घरात आपणच दिलेला तोच काळा डबा. हे सगळे डबे 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात. त्या पट्ट्याची एकूण रुंदी 83.5 मेगाहर्ट्झ. त्यात चॅनेल तेरा असले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: 1, 6 आणि 11. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, त्याच पट्ट्यात वायफायवरचे कॅमेरे, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. रात्री साडेआठ-नऊला, जेव्हा सगळ्यांची जेवणं उरकून मालिका, क्रिकेट आणि अभ्यास एकदम सुरू होतो, तेव्हा गल्लीतल्या कुणाच्याच घरात नेट धड चालत नाही. अशी समता आणायला इतरांची हयात जाते. आपण ती एका घाऊक ऑर्डरीत आणलीत.

सरकारने मध्येच आपल्या या समतेत खो घालायचा प्रयत्न केला होता. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला 605 मेगाहर्ट्झ भाग वायफायसाठी परवानामुक्त केला. जुन्या पट्ट्याच्या सातपट मोकळं रान, लायसन नको, फी नको. त्या रानात जाण्यासाठी राउटर फक्त दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, ज्याला दुकानात ‘ड्युअल बँड’ म्हणतात तसा, असावा लागतो. आमच्या हातातले मोबाइल तो पट्टा कधीपासून ओळखतात. पण आपण आमची काळजी करता. एवढ्या मोकळ्या रानात आम्ही हरवून जाऊ, या भीतीने आपण आजही 2009 साली मंजूर झालेल्या ‘एन’ मानकाचा एकाच पट्ट्याचा डबा आमच्या दारी आणता. त्यानंतर 2013 मध्ये वायफाय 5 आलं, 2019 पासून वायफाय 6 ची उपकरणं बाजारात आली. आपण जुन्याला धरून राहिलात. आजकाल एवढी निष्ठा कुठे दिसते?

न्यायाने हेही लिहिलं पाहिजे की 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात आणि 2.4 च्या थोड्या लांब जातात. म्हणूनच दोन्ही लागतात: जवळच्या खोलीतल्या लॅपटॉप-टीव्हीला 5 आणि लांबच्या खोलीतल्या मोबाइलला 2.4. हे आपल्याला ठाऊक नसेल असं म्हणवत नाही. ठाऊक असून सांगितलं नाही, असं म्हणायलाही जीभ धजत नाही. दोहोंपैकी कोणतं खरं, ते आपणच ठरवावं.

तक्रार फारच वाढली तेव्हा आपण मन मोठं करून चार अँटेनांचा डबा पाठवलात, वरचे पैसे रोख घेऊन. अँटेना वाढल्या की रेंज वाढते, असं आपल्या माणसाने शपथेवर सांगितलं. राउटरने किती ताकदीने लहरी सोडायच्या, याची कमाल मर्यादा सरकारी नियमांनी बांधलेली आहे. अँटेना दोन असोत की आठ, ती मर्यादा ओलांडता येत नाही. जादा अँटेनांचा उपयोग एका वेळी जादा प्रवाह पाठवायला होतो, आणि तोही आतली चिप त्या तोलाची असली तर. आपल्या नव्या डब्याच्या पोटावर पुन्हा तेच स्टिकर होतं: 300 आणि 10/100. शोभा मात्र दुप्पट वाढली. पाहुणे विचारतात.

आता जागेविषयी. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर असावा, हे त्याच्या सोबतच्या पुस्तिकेत चित्र काढून दाखवलेलं असतं. आपल्या माणसाने तो बाहेरच्या दारावरच्या माळ्यावर, लोखंडी ट्रंका आणि पाण्याच्या रिकाम्या पिंपामागे ठेवला. कारण विचारलं तर म्हणाला, “वायर तेवढीच व्हती.” आपल्या वायरची लांबी हाच आमच्या घराचा नकाशा. आमचे वास्तुविशारद उगाच फी घेऊन गेले.

त्यात आमचं गाव लोखंडाचं. इथल्या रोलिंग मिलमधली सळई मराठवाड्याबाहेरही जाते, मग गावातला माणूस स्लॅबमध्ये हात आखडता कशाला घेईल? अशा सळईने भरलेल्या स्लॅबमधून वायफाय वरच्या मजल्यावर जाता जाता अर्धमेलं होतं. जुन्या जालन्यात अजून दगडमातीच्या हातभर रुंद भिंतींची घरं आहेत, तिथे तर शेजारच्या खोलीतही लहर पोचत नाही. कोणत्या घरात किती राउटर लागतील आणि ते कुठे बसतील, हे घर बघून ठरवायचं असतं. आपला माणूस घर न बघता ठरवतो. जिना चढायचे कष्टसुद्धा घेत नाही, इतका त्याचा आपल्या डब्यावर विश्वास.

उन्हाळ्याचं तर सांगायलाच नको. घरगुती राउटरच्या पुस्तिकेत साधारणपणे लिहिलेलं असतं की तो 0 ते 40 अंशांत चालवावा. जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच पारा चाळिशीपार असतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते हात लावून पाहावं. दुपारी डबा असा तापतो की बोट टेकवत नाही. मग तो आपोआप बंद पडतो, आपोआप सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. आपल्या ऑफिसातून ठरलेलं उत्तर येतं: “पाच मिनिटं बंद करून चालू करा.” त्या पाच मिनिटांत तो निवतो खरा. या निदानाबद्दल आपल्याला मानाची शाल द्यायला हवी, फक्त मे महिन्यात ती पांघरवणार कशी हा प्रश्न आहे.

वरच्या मजल्यासाठी आपण एक्स्टेंडर सुचवलात, तोही एकाच पट्ट्याचा आणि तोही आपल्याच दुकानातला. असला एक्स्टेंडर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग तिथेच निम्मा होतो. निम्म्याचा निम्मा करून वर नेण्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे, हे धाडस सर्वांना जमत नाही. खालून वर कॅट 6 ची साधी तार ओढली असती आणि वर दुसरा राउटर जोडला असता, तर वेग जसाच्या तसा पोचला असता. ती तार 100 मीटरपर्यंत बिनघोर चालते आणि आपलं बंगलेवजा घरसुद्धा एवढं लांब नसेल. पण त्या तारेत आपल्याला फार काही सुटत नाही, हे आम्ही समजू शकतो.

घराच्या सुरक्षेचीही आपण केवढी व्यवस्था ठेवली आहे! गल्लीतल्या बहुतेक घरांचा वायफाय पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाइल नंबर, आणि राउटरच्या आत शिरायचं नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. कुणाला आठवायचा त्रास नको. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रॅमने बंद पाडले, तेव्हा कारखान्यातून आलेले पासवर्ड ग्राहकांनी बदलले नव्हते हे एक मोठं कारण निघालं. त्याच्या आदल्या वर्षी ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने असेच पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. डब्यावरचं, पासवर्ड न टाकता जोडून देणारं ‘डब्ल्यूपीएस’चं बटण आपण मोठ्या प्रेमाने चालू ठेवता. त्यातल्या आठ अंकी पिनमधली खोट 2011 सालीच उघड झाली: जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत ती पिन सापडते. या सगळ्यांतून आपण काही शिकलात असं दिसत नाही. ज्यांना सगळं आधीच येतं ते कशाला शिकतील?

आणि आता मुख्य उपकार. या सगळ्याला विटून आम्ही ठरवलं की राउटर आपला आपण विकत घ्यावा. ड्युअल बँड, सगळी सॉकेटं गिगाबिटची, किंमत दोन-अडीच हजारांच्या घरात. आपल्याला एका पैशाची तोशीस नाही. त्यावर आपलं उत्तर आलं: “बाहेरचा राउटर आपल्या लाइनवर चालत नाही.”

चालत नाही, असं कसं म्हणता शेठ? आपली फायबर एका छोट्या पांढऱ्या डब्यात, म्हणजे ओएनयूमध्ये, संपते. त्यातून निघणारी तार ‘वॅन’ सॉकेट असलेल्या जगातल्या कोणत्याही राउटरला बसते. राउटरला लागतं फक्त आमच्या जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड. ते आमच्या पैशाने, आमच्या नावावर आहेत, आणि आपल्याच वहीत कुलुपात आहेत. वर आपण जुन्या डब्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आपल्या यंत्रणेत अडकवून ठेवता, म्हणजे आम्ही दुसरा डबा जोडलाच तर जोडणी गप्प. तो पत्ता बदलायला आपल्या ऑफिसात एक मिनिट लागतं. त्या एका मिनिटासाठी आपण ग्राहकाला ताटकळत ठेवता आणि मग त्यालाच सांगता की राउटर चालत नाही. राउटर चालतो. अडवणारे आपण असता.

जगात इतरत्र ग्राहकांचं असं कोडकौतुक होत नाही. युरोपीय संघाने 2015 च्या नियमातच लिहून ठेवलं की नेट वापरणाऱ्याला स्वतःच्या पसंतीचं उपकरण जोडायचा हक्क आहे. जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून कायद्यानेच कंपनीला ग्राहकाचा राउटर नाकारता येत नाही आणि जोडणीचे तपशील मागण्याची वाट न बघता द्यावे लागतात. अमेरिकेने 2019 मध्ये कायदा करून, ग्राहक स्वतःचं उपकरण वापरत असेल तर कंपनीने त्याच्या भाड्याचे पैसे उकळायचे नाहीत, असं बजावलं. त्या बिचाऱ्यांना आपल्यासारखे शेठ लाभले नाहीत, म्हणून कायद्यांवर भागवावं लागतं.

वेग मोजून दाखवायची आपली पद्धतही शिकण्यासारखी आहे. आपला माणूस येतो, राउटरच्या पुढ्यात उभा राहतो, मोबाइलवर मोजणी लावतो. मोजणीचा सर्व्हर आपल्याच जाळ्यातला निवडलेला. आकडा चढला की तो स्क्रीन आमच्या डोळ्यांसमोर धरतो: “बघा, चालायलंय की झकास!” ज्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसते त्या खोलीत मोजायला सांगितलं, तर त्याला दुसऱ्या कॉलवर जायचं असतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं ‘मायस्पीड’ अ‍ॅप 2016 पासून उपलब्ध आहे. ते त्याच्यासमोर उघडलं की मात्र त्याचा चेहरा उतरतो.

आणि तरीही कायद्याने आपल्याला कुणी नाव ठेवू शकत नाही. आपल्या देशात 2004 च्या धोरणात 256 केबीपीएस मिळाले तरी त्याला ब्रॉडबँड म्हणत. 2013 मध्ये ती पायरी 512 वर गेली आणि 2023 मध्ये 2 एमबीपीएसवर. आमच्या वरच्या खोलीत रात्री नऊला जे झिरपतं तेही त्या व्याख्येत कसंबसं बसतं. व्याख्येला इतकं काटेकोर जागणारा माणूस विरळा.

शेठ, इथवर आपली स्तुती झाली. आता दोन शब्द मनातले.

या जिल्ह्यात इंटरनेट आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सीईटीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा, पीकविमा, ई-पीक पाहणी, बाजारभाव, सगळं त्याच तारेतून येतं-जातं. मोसंबीच्या बागेचे फोटो व्यापाऱ्याला त्यावरूनच जातात. बियाण्यांच्या कंपन्यांत नोकरी करणारी आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसांचं काम घरून करणारी मुलं त्याच तारेवर पोट भरतात. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला रात्री ‘पेमेंट प्रोसेसिंग’चं चाक फिरत राहतं तेव्हा कोण काय हरतं, ते आपल्याला दिसत नाही, कारण आपल्याला फक्त रिचार्जची तारीख दिसते. ज्या घरात दुसरी जोडणी घ्यायची ऐपत नाही, त्या घरातलं पोर या डब्यापुढे हात टेकतं. याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

मागणं फार नाही. 100 च्या वरचा प्लॅन विकता, तर गिगाबिट सॉकेटाचा आणि दोन्ही पट्ट्यांचा राउटर द्या. जमत नसेल तर ग्राहकाला तसं आधी स्पष्ट सांगा. ज्याला स्वतःचा राउटर आणायचा आहे त्याला युजरनेम-पासवर्ड द्या आणि नवा मॅक पत्ता नोंदवून घ्या. बसवताना दहा मीटर वायर जास्त सोडा आणि एकदा जिना चढा. प्रत्येक घरात वेगळा, लांबलचक पासवर्ड टाका. आणि फुकट म्हणता तर फुकट द्या, विकत असाल तर पावती विकत दिल्याची द्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा अशी मात्र आता इच्छा नाही.

आपला,
डिपॉझिट भरलेला एक ग्राहक

ता. क. वाचकहो, शेठ हे पत्र वाचणार नाहीत, पण तुम्ही इथवर वाचलं आहे, म्हणून चार गोष्टी तुमच्यासाठी.

वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी राउटर हातात घ्या आणि उलटा करून स्टिकर वाचा. ‘10/100’ असेल आणि प्लॅन 100 च्या वरचा असेल, तर तो घेऊ नका. ‘गिगाबिट’ किंवा ‘10/100/1000’ असेल तरच पुढे बोला. खोक्यावर ‘1200’ दिसलं तर लक्षात ठेवा की ती 2.4 च्या 300 ची आणि 5 गिगाहर्ट्झच्या 867 ची बेरीज आहे, तीही वरच्या शेकड्यापर्यंत ताणलेली. एक मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बेरीज कुणाच्याच हाती पडत नाही. तरीही दोन-तीन खोल्यांच्या घराला असा राउटर पुरतो. माणसं आणि उपकरणं जास्त असतील तर वायफाय 6 चा घ्या. घर दुमजली असेल तर अँटेना मोजत बसू नका, वर एक तार ओढा. आणि लाईट जाण्याचा त्रास असेल तर राउटर आणि ओएनयू या दोघांनाही पुरेल असा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस बघा. एकालाच जोडून उपयोग नाही.

दुकानातून राउटर आणण्याआधी एवढं पाहा की त्याला तारेसाठी ‘वॅन’ सॉकेट आहे. टेलिफोनच्या तारेवर चालणारे जुने एडीएसएल राउटर अजूनही स्वस्तात गळ्यात मारले जातात, ते फायबरला चालत नाहीत. तुमच्याकडे ओएनयू आणि राउटर एकाच डब्यात असतील, तर तो डबा ‘ब्रिज मोड’वर, म्हणजे त्यातला राउटर बंद करून, टाकून मागा आणि त्याच्यापुढे स्वतःचा राउटर जोडा.

तक्रार तोंडी करू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट नंबर मागून घ्या. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. तिथे समाधान झालं नाही तर अपील करा. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे आणि मराठीत बोललेलं तिथे चालतं. पुढच्या रिचार्जच्या आधी एक फोन करा.